पावसात गाडी बंद, उन्हात चालू: दुचाकीच्या वायरिंगचे जोड कसे तपासावेत आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस कुठे लावावं

आधी लक्षणं

जोराच्या पावसात किंवा गाडी धुतल्यावर इंजिन मिसिंग करतं, झटके देतं आणि बंद पडतं. अर्धा-पाऊण तास उभी ठेवली, थोडं ऊन लागलं, की काहीच झालं नाही अशी सुरू होते. सेल्फ दाबला की नुसतं टक-टक होतं. हॉर्नचा आवाज बसलेला असतो. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटतो. खड्ड्यात चाक गेलं की लाइट लुकलुकतो. बीएस-६ गाडी असेल तर इंजिनाचा पिवळा दिवा पावसात लागतो आणि दोन दिवस कोरडे गेले की आपोआप जातो. सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे गेल्या पावसाळ्यात कॉइल (प्लगला मोठा झटका पुरवणारा भाग) किंवा सीडीआय (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारी इलेक्ट्रॉनिक डबी) बदलूनसुद्धा यंदा तोच त्रास परत.

यातलं काही तुमच्या गाडीशी जुळत असेल तर दोष बहुधा भागात नाही, जोडात आहे. कॉइल, सीडीआय, रेग्युलेटर (चार्जिंगचा दाब आवरणारा भाग) हे भाग आतून भरून बंद केलेले असतात. पाणी त्यांच्या पोटात सहसा जात नाही, पिनांपर्यंत मात्र हमखास पोचतं. मी किनारपट्टीला दुचाकी दुरुस्त करतो, आणि इथं तर पाण्याला मिठाची जोड आहे. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यातला खार आठ महिने कपलरच्या (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडाच्या) पिनांवर बसत राहतो. जून उजाडला की तोच ओला होतो, मग दोन पिनांच्या मधूनही वीज झिरपते आणि पिना झपाट्यानं खाल्ल्या जातात. मासळीचे क्रेट फूटबोर्डवर ठेवून फिरणाऱ्या स्कूटर तर भर मे महिन्यातही याच तक्रारीनं येतात, कारण बर्फाचं खारट पाणी क्रेटमधून निथळून नेमकं खालच्या वायरिंगवर पडत असतं.

खोलायला घेण्याआधी एक फरक करून घ्या. गाडी बाहेरून पूर्ण वाळल्यावरही त्रास तसाच राहत असेल, तर जोडांच्या मागे लागू नका. टाकीत पाणी गेलं असण्याची शक्यता आधी बघा. टाकीच्या झाकणाभोवतीचं पाणी खाली सोडणारं बारीक भोक चिखलानं बुजलं की पाणी झाकणातून आत उतरतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्याबरोबर पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंजिन नेमकं तेच ओढतं. ते उन्हानं वाळत नाही. ओल आली की त्रास आणि ओल गेली की आराम, असा हिशेब जुळला तरच पुढचं सगळं तुमच्या कामाचं.

पहिली तपासणी: बॅटरीची टर्मिनलं

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. चावी बंद करून दोन्ही टर्मिनलं हातानं हलवून बघा. बोटानं हललं तर तो सैल जोड आहे, आणि बऱ्याच गाड्यांचं काम इथंच संपतं. टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट-निळी पावडर दिसली तर ती काढावी लागेल.

काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. याचं कारण साधं आहे. गाडीची सगळी चासी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्हचा स्क्रू आधी सोडताना पाना चासीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधीच सुटं असेल तर पाना चासीला टेकला तरी काही होत नाही.

पावडर काढायला कोमट पाण्यात खायचा सोडा कालवा आणि जुन्या टूथब्रशनं घासा. फेस आला तर समजा ॲसिड होतं आणि ते मरतंय. कोरड्या फडक्यानं पुसा, धातू उघडा दिसू द्या, घट्ट आवळा. डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं सिलिकॉनचं ग्रीस, सविस्तर पुढं) किंवा व्हॅसलीन लावायचं ते आवळून झाल्यावर, वरून. इथं व्हॅसलीन चालतं, फक्त उन्हानं वितळून ओघळतं आणि दर दोन-तीन महिन्यांनी परत लावावं लागतं.

दुसरी: फ्यूज

फ्यूज उडालाय का एवढंच बघून लोक डबी बंद करतात. तो उपसून त्याच्या पात्या बघा. पाती काळवंडलेली, हिरवी किंवा प्लॅस्टिक एका बाजूनं मऊ झालेलं असेल तर फ्यूज शाबूत असूनही तिथं विद्युतदाब खाल्ला जातोय. नवा फ्यूज त्याच अँपिअरचा घाला. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणाऱ्याच्या हातातून पाना काढून घ्यावा, कारण मग जळायचं काम फ्यूजऐवजी वायरिंग करतं.

तिसरी: प्लग कॅप

पावसात बंद पडणाऱ्या पेट्रोल गाड्यांमध्ये माझा पहिला संशय कॅपवरच, म्हणजे स्पार्क प्लगवर बसणाऱ्या टोपीवरच असतो. प्लगला जाणारा झटका दहा-वीस हजार व्होल्टचा असतो, आणि एवढ्या दाबाला कोरडी, स्वच्छ वाट मिळाली नाही तर तो ओल्या धुळीवरून इंजिनाच्या अंगावर उडी मारतो. बारा व्होल्टच्या जोडात ओलीमुळं वीज हळूहळू कमी होते. इथं ठिणगी वाटेतच जाते आणि इंजिन त्याच क्षणी चुकतं.

तपासणी रात्री करा. गाडी मोकळ्या जागी, स्टँडवर, इंजिन चालू, आसपास पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री. कपड्यांना इस्त्री करताना वापरतात त्या स्प्रे बाटलीत साधं पाणी भरा आणि एका वेळी एकाच जागी फवारा: आधी कॅप, मग एचटी वायर (कॉइलपासून प्लगपर्यंतची जाड वायर), मग कॉइलचं तोंड. जिथं फवारल्यावर इंजिन चुकतं ती जागा तुमची. अंधारात निळसर ठिणगी बाहेरून पळताना दिसली तर शंकाच उरत नाही. या वेळी वायरीला हात लावायचा नाही, आणि पेसमेकर बसवलेल्या माणसानं इंजिनाजवळ थांबायचं नाही.

आता इंजिन बंद करून गार होऊ द्या आणि कॅप उपसा. वायरीला धरून नाही, कॅपला धरून. आत ओल आहे का, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे का, ते बघा. ती रेघ म्हणजे ठिणगीनं पाडलेली कार्बनची वाट. ती पुसून जात नाही. प्लग बदला, आणि कॅपच्या आतही तशी रेघ असेल तर कॅपही बदला. बऱ्याच गाड्यांत कॅप वायरीवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती सोडवा, वायरीचं टोक काळं पडलं असेल तर पाच-सहा मिलिमीटर कापून ताजं तांबं काढा आणि परत फिरवून बसवा. कॅप आणि कॉइल एकच असलेल्या गाड्यांत हा प्रयत्न करू नका.

प्लग ज्या खोबणीत बसतो तिथं काही गाड्यांच्या हेडला पाणी निघून जायला भोक असतं. आपल्या तांबड्या मातीचा चिखल ते पार लिंपून टाकतो, आणि प्लग पाण्यात उभा राहतो. बारीक तारेनं ते मोकळं करा.

हे सगळं कोरडं झालं की कॅपच्या रबराच्या आतल्या कडेला बोटानं डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा. प्लगच्या टोकावर थापायचं नाही, फक्त रबर आणि चिनी माती जिथं एकमेकांना टेकतात तिथं. पाण्याची वाट बंद होते, आणि पुढच्या वेळी कॅप चिकटून न फाटता सहज निघते.

चौथी: कपलर, आणि ग्रीस नेमकं काय करतं

आता सीटखाली, हेडलाइटच्या मागे, फूटबोर्डखाली उतरायचं. कपलर उघडताना लॉकची जीभ दाबून प्लॅस्टिकला धरून ओढा. आत बघताना चार गोष्टी शोधा. हिरवा किंवा काळा कीट, म्हणजे धातू खाल्ला जाऊन बसलेला थर. रुंदावलेली मादी पिन, जी तिच्यात शिरणाऱ्या नर पिनेला पकडत नाही. मागे सरकलेली पिन. आणि वायरीमागचं रबरी सील, जे आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी काढून टाकलेलं असतं.

साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश. पॉलिश पेपर घेऊ नका. पिना पितळेच्या किंवा तांब्याच्या असल्या तरी बहुतेकांवर कथलाचा पातळ थर दिलेला असतो, आपल्या पितळी पातेल्यांना कल्हई देतात तसाच. पेपर मारलात की त्या दिवशी पिन चकाकते, पण कल्हई उडालेली असते आणि खालचं पितळ खाऱ्या हवेत कळकायला मोकळं होतं. पिन इतकी खाल्ली असेल की पेपरशिवाय साफच होत नाही, तर पिनच बदलायची. सैल मादी पिन सुईनं किंवा बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं किंचित आवळून घ्या. नर घालून बघा, थोडा जोर लागला पाहिजे.

आता ग्रीस. डायइलेक्ट्रिक ग्रीस म्हणजे सिलिकॉन तेल, आणि ते ओघळू नये म्हणून त्यात मिसळलेली अतिशय बारीक सिलिका. दिसायला अर्धपारदर्शक, पांढुरकं. पाण्यानं धुतलं जात नाही, उन्हात वितळत नाही, साधारण दोनशे अंशांपर्यंत टिकतं, आणि सर्वसाधारण काळ्या रबराला फुगवत नाही. ते वीज वाहू देत नाही, आणि इथंच सगळ्यांचा घोळ होतो. दोन्ही बाजू ऐकू येतात: कुणी म्हणतं यानं कनेक्शन सुधारतं, कुणी म्हणतं वीजच अडली तर पिनेवर लावायचं कसं.

प्रत्यक्षात दोन पिना कितीही गुळगुळीत दिसल्या तरी त्या थोड्याच उंचवट्यांवर एकमेकींना टेकतात. वीज जाते ती तेवढ्यातून. कपलर बंद करताना नर पिन मादीत घासत सरकते, त्या जोरानं उंचवट्यांवरचं ग्रीस बाजूला ढकललं जातं आणि धातूला धातू भिडतो. मधल्या सगळ्या पोकळ्यांत ग्रीस भरून राहतं. तिथं एरवी हवा, ओल आणि मीठ शिरलं असतं. शिवाय गाडी हादरताना पिना एकमेकींवर सूक्ष्म घासतात आणि त्या घासण्यानं कल्हईचा काळा चुरा होतो. ग्रीस तिथं वंगण म्हणूनही उपयोगी पडतं.

म्हणजे चांगला जोड चांगला ठेवणं एवढंच त्याचं काम. कीट असलेल्या पिनेवर ते लावलं तर कीटच आत कोंडला जातो. सैल पिनेवर लावलं तर धातू भिडतच नाही आणि मग ते खरोखर वीज अडवतं. आधी साफ, मग घट्ट, मग कोरडं, आणि शेवटी ग्रीस. गाडी पावसातून नुकतीच आली असेल तर कपलर रात्रभर उघडा ठेवून दुसऱ्या दिवशी लावा.

किती लावायचं? लहान कपलरला तांदळाच्या दाण्याएवढं, मादीच्या तोंडाशी, आणि थोडं रबरी सीलच्या कडेला. गच्च भरलं तर सीलबंद कपलरमध्ये हवेला जागा राहत नाही, लॉक बसत नाही किंवा मागचं सील बाहेर ढकललं जातं. कपलर कंपनीच्या सीलसकट आतून लखलखीत असेल तर तसाच बंद करा.

घेताना नळीवर सिलिकॉन डायइलेक्ट्रिक ग्रीस असं लिहिलेलं बघा. परमाटेक्सचं मिळतं, मोलीकोट ४ मिळतं. एक छोटी नळी घरातल्या सगळ्या गाड्यांना पुरून उरते. बेअरिंगचं पिवळं-लाल ग्रीस इथं नको, ते खनिज तेलाचं असतं, रबर फुगवतं आणि धूळ धरतं. तांब्याचं किंवा ग्रॅफाइटचं ग्रीस तर शेजारच्या पिनांत शॉर्ट करू शकतं.

आणि सिलिकॉन सीलंट, बाथरूमच्या फटींत भरतात ते, कृपा करून कपलरमध्ये भरू नका. त्याच्या साध्या प्रकाराला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यातून खरोखर ॲसिटिक ॲसिड बाहेर पडतं. ते तांबं खातं. वरून टणक आणि आतून हिरव्या पिना असलेले असे कपलर मी कापून काढले आहेत, आणि ते दुरुस्त होत नाहीत.

डायइलेक्ट्रिक ग्रीस लावू नये अशाही जागा आहेत. चावीचा स्विच, हॉर्नचं बटण, रिलेचे आतले पॉइंट: जिथं दर वेळी बारीक ठिणगी पडते तिथं सिलिकॉन जळून वाळूसारखा थर होतो आणि तो वीज अडवतो. बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीवर बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या कपलरलाही हात लावू नका. काही सेन्सर वायरीच्या बाजूनं हवा घेतात, आणि सिलिकॉन त्यांना मारक आहे. रबर स्वतःच सिलिकॉनचं असेल तर तेही या ग्रीसनं फुगू शकतं.

पाचवी: मल्टिमीटर

इथून पुढं साधा मल्टिमीटर लागतो. इंजिन बंद, गाडी तासभर उभी: बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे आकडे फसवतील. इंजिन थोडं रेस करून १३.५ ते १४.५ दिसले तर चार्जिंग ठीक.

आता जोडाची परीक्षा. नुसत्या ओहमवर जाऊ नका, कारण वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर छान आकडा दाखवतो. वीज वाहत असताना मोजा. मीटर व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ दाबायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थचा, म्हणजे चासीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या वाटेचा, जोड खराब आहे. सेल्फची मोटर चाळीस अँपिअर सहज ओढते, आणि त्या प्रवाहाला ०.०५ ओहमचा कीटसुद्धा २ व्होल्ट खातो. टक-टक आवाजाचं कारण बहुतेक वेळा हेच.

असंच मागच्या दिव्याच्या अर्थचं करा, ब्रेक दाबून. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिनाबरोबरच लागतो, त्यामुळं इंजिन बंद ठेवून मोजायला ब्रेकचा दिवा सोयीचा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटतो त्याचंही उत्तर इथंच मिळतं: मागच्या दिव्याचा अर्थ तुटलाय आणि वीज परतीला इंडिकेटरच्या बल्बमधून वाट काढतेय. अर्थचा बोल्ट सोडा. चासीवरचा रंग आणि गंज मात्र पेपरनं खरवडून धातू उघडा करा, इथं पेपर चालतो. मग आवळा आणि वरून ग्रीस.

सहावी: वायरीच्या आतला कीट

बाहेरून सगळं ठीक आणि तरी व्होल्ट खाल्ला जातोय, तर वायर सोलून बघा. जिथं कुणी वायरी पिळून वरून टेप गुंडाळलाय तिथून सुरुवात करा. टेपच्या आत पाणी साठतं, आणि ते तांब्याच्या धाग्यांमधून वायरीच्या आत चढत जातं. सोलल्यावर तांबं काळं दिसेल. लाल, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा, त्याच जाडीची वायर जोडा, क्रिंप करा (पक्कडीनं दाबून घट्ट करा) आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसणारी नळी) चढवा. काळ्या तांब्यावर सोल्डरचा डाग धरत नाही आणि ग्रीसचाही उपयोग नाही.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

फ्यूज बदलल्यावर लगेच परत उडतोय. कपलर वितळलाय किंवा जळका वास येतोय. बॅटरी फुगलीय, गळतेय किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येतोय: तिला चार्जर लावू नका. रेस केल्यावर बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर दिसतायत, म्हणजे रेग्युलेटर गेलाय आणि तसंच चालवत राहिलात तर बॅटरी आणि बल्ब दोन्ही जातील. एबीएसचा (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलाय. ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाच्या) कपलरची पिन वाकलीय: त्या बारीक पिना घरच्या सुईनं सरळ करायच्या नाहीत. गाडी वॉरंटीत आहे आणि वायरिंग कापावं लागणार आहे.

इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरी पॅकचे आणि मोटरचे जाड कपलर उघडायचेच नाहीत, ओले असोत की कोरडे. तिथला दाब आणि प्रवाह माणसाला भाजून काढण्याएवढा असतो. त्याला कंपनीचा माणूसच हवा.

आणि पुरात बुडालेली गाडी. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी भरलं, तेव्हा बुडालेल्या गाड्या पाणी ओसरताच सुरू करून बघायची घाई अनेकांनी केली. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. अशी गाडी चावी न लावता, बॅटरीचं निगेटिव्ह सोडून, ढकलत किंवा टेंपोत घालून न्या. पुराचा गाळ कपलरमध्ये इतका आत बसतो की बऱ्याचदा पूर्ण वायरिंगच बदलावं लागतं.

मेकॅनिककडे जाताना त्याला एवढं सांगा: कुठं पाणी फवारल्यावर इंजिन चुकलं, सेल्फ दाबताना अर्थवर किती व्होल्ट दिसले, आणि गेल्या दोन वर्षांत वायरिंगला कुणी कुठं हात लावलाय. पहिलाच भाग बदलायला काढला तर जुना भाग परत मागून घ्या आणि त्याच्या पिना बघा.